बास्सूचा हिरवा तक्ता

तिविझीच्या दिवशी सकाळी सात वाजता मुलींच्या वसतिगृहाच्या जागेवर तीन माणसं आणि एक गाढव हजर होतं. यायला हवी होती छप्पन्न माणसं. तिविझीचा नियमच तो: काम गावाचं, घरटी एक माणूस, आणि मजुरीचं नाव कुणी काढायचं नाही. आलेल्या तिघांपैकी एक मआलम, म्हणजे उस्ताद, हद्दू, मातीच्या भिंती घालणारा आमच्या गावातला शेवटचा कारागीर, वय बहात्तर. दुसरी राजधानी राबातहून आलेली इंजिनिअर सुकैना. तिसरा बास्सू स्वतः. गाढव हद्दूचं होतं, आणि त्याला तर कुणी आमंत्रणही दिलं नव्हतं.

बास्सूच्या काखेत एक मोठी गुंडाळी होती. आठपर्यंत तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. नऊला त्याने गुंडाळी उलगडून दगडी जोत्यावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. तक्त्यात गावातल्या झाडून सगळ्या घरांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे हिरवा ठिपका होता.

"बास्सूसाहेब, हे सगळे हिरवे आहेत ना?" सुकैनाने विचारलं.

"आहेत की."

"मग आहेत कुठे?"

"हिरवे आहेत, बाई," बास्सू म्हणाला. "पिकायला वेळ लागतो."

हद्दू हसला नाही. त्याने माती ठोकायचं धुम्मस खांद्यावरून उतरवून भिंतीच्या जागी टेकवलं आणि त्यावर हनुवटी ठेवून डोळे मिटले. भिजवलेली माती उन्हात सुकत चालली होती.

बास्सू या कामाचा समन्वयक. हा शब्द त्याला स्वतःलाच धड म्हणता येत नसे. नवं पद म्हणजे काय, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "काम दुसरे करतात, पैसे तिसरे देतात आणि शिव्या मी खातो." कासाब्लांकाची एक संस्था वसतिगृहाचा खर्च उचलणार होती. तिची अट साधी होती: इमारत इथल्याच मातीची, उन्हाळ्यात पंख्यावाचून गार राहील अशी, आणि गावाने स्वतःच्या हातांनी उभारलेली. जुलैअखेर भिंती उभ्या नसतील तर वसतिगृह दुसऱ्या गावाला जाणार होतं. दगडी जोतं वसंतातच झालं होतं. राहिल्या होत्या त्या भिंती, आणि भिंतींना माणसं लागतात.

बास्सूला मात्र या सगळ्यात एकच मुलगी दिसत असे. त्याची धाकटी बहीण फादमा वर डोंगरात दिलेली. तिची तूदा बारा वर्षांची, यंदा प्राथमिक शाळा पास झालेली. पुढची शाळा आमच्या गावात, त्यांच्या वस्तीपासून तीन तासांच्या पायवाटेवर. मामाच्या घरी राहावं तर तिथे तीन वाढते मुलगे. अशा घरी मुलगी ठेवायला तिचा बाप यिद्दर तयार नव्हता, आणि त्याचं काही चुकत होतं असं नाही. "सप्टेंबरात वसतिगृह असेल तर पाठवतो," तो म्हणाला होता, "नसेल तर शेळ्या आहेतच." फादमाही याच वयाची असताना शेळ्यांमागे गेली होती. तेव्हा तिने कासाब्लांकाला भावाला पत्र लिहून पुढे शिकू का असं विचारलं होतं, आणि भावाने उलट टपाली लिहिलं होतं की बाबा म्हणतात तसं कर. ते पत्र तिने स्वतः वाचलं होतं, कारण तेवढं वाचायला ती शिकलेली होती. चोवीस वर्षं झाली तरी बास्सूला ते वाक्य आठवलं की जेवण जात नसे.

कासाब्लांकात तो सोळा वर्षं सिमेंटच्या कामावर होता, आणि परत आला तो डोक्यात सिमेंट घेऊनच. बापाचं मातीचं घर हद्दूने आणि बापाने मिळून उभं केलेलं होतं. ते त्याने पाडलं आणि तिथे गावातलं पहिलं सिमेंटचं घर बांधलं. पिस्त्याचा रंग, पुढे दोन खांब, खांबांवर दोन सिंह. लोक बघायला यायचे. पहिल्या उन्हाळ्यात यायचे थांबले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या घरात दुपारी पालसुद्धा थांबत नसे. इझ्झा, म्हणजे बास्सूची बायको, मुलांना घेऊन खजुरीच्या बागेत जाई, आणि बास्सू 'जरा कामाचं बोलून येतो' म्हणून हद्दूच्या मातीच्या घराकडे वळे. तिथे भिंतीला पाठ लावून काम असं काही चाले की घोरणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येई. अकरा वर्षं हे असंच चाललेलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नाही असं फक्त बास्सूला वाटत असे.

आणि असा हा माणूस आता दारोदार जाऊन मातीच्या भिंतींचे गुण सांगत होता.

तक्त्याची युक्ती सुकैनाची. ज्यांचा ज्यांचा या इमारतीशी संबंध त्या सगळ्यांची नावं लिहायची, असं तिने शिकवलं होतं. बाजूने असेल त्याला हिरवा ठिपका, मनात शंका असेल त्याला पिवळा, विरोधात असेल त्याला लाल. पुढच्या रकान्यात त्याला काय हवंय ते लिहायचं आणि त्यापुढच्यात त्याला कशाची भीती वाटते ते. बास्सूने भीतीचा रकाना सरळ मोकळा ठेवला. एखाद्या कर्त्या पुरुषाला तोंडावर विचारायचं की बाबा, तुला कशाची भीती वाटते? त्यापेक्षा त्याची पगडी उडवलेली बरी.

त्याने आपल्या पद्धतीने काम केलं. लोकांना घरी जेवायला बोलावलं, एकूण सात वेळा, आठ-आठ घरं मिळून. सुक्या आलुबुखारांत शिजवलेलं बोकडाचं मटण, गरम भाकरी, शेवटी पुदिन्याचा चहा. तिसरा पेला रिकामा झाला की तो हळूच विषय काढी, "मग, मातीच्या भिंतींना हरकत नाही ना कुणाची?"

"हरकत कसली? अल्लाहने माणूस मातीचाच केलाय," लोक म्हणत आणि हाडं चोखत.

पाहुणे गेले की बास्सू हिरवी पेन्सिल काढी. सातव्या जेवणानंतर तक्ता असा हिरवागार झाला की त्याने तो सिंहांच्या खाली दारावर लावला होता. राबातमधल्या शिकलेल्यांना पाच वर्षांत जमत नाही ते आपण सात जेवणांत केलं, असं तो त्या वेळी इझ्झाला म्हणाला होता. हे वाक्यही पुढे त्याला बरेच दिवस छळणार होतं.

तिविझीच्या दिवशी दुपारपर्यंत एकेकाचे निरोप आले. कुणाची मावशी आजारी होती. कुणाच्या खेचराचा पाय मुरगळला होता. गावाचा अमघार, म्हणजे मुखिया मुलूद, बाजाराला गेला होता, आणि त्या वारी दहा कोसांत कुठेही बाजार भरत नाही.

बास्सू घरी आला तेव्हा इझ्झा दारातल्या सावलीत मसूर निवडत होती. त्याने तक्ता तिच्यापुढे टाकला आणि मटकन खाली बसला.

"सगळ्यांनी हो म्हटलं होतं," तो म्हणाला. "माझ्यासमोर म्हटलं होतं."

"तुझ्यासमोर नाही, तुझ्या मटणासमोर," इझ्झा म्हणाली. "तोंडात तुझी भाकरी असताना कोण नाही म्हणेल? तू कधी म्हणालास? हुस्साच्या घरी जेवून आलास आणि त्याच्या विहिरीच्या कामाला येतो म्हणालास. गेलास?"

बास्सूने मसुरातला एक खडा उचलून बाजूला टाकला. हुस्साची विहीर दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाली होती. आमच्याकडे ज्याच्या घरी जेवलो त्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हणायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच्या तोंडून आणि दुसऱ्याच विषयावर म्हणतात. हे त्याला पाळण्यापासून ठाऊक होतं. तरीही आधी जेवू घालून मग विचारायचं त्याला सुचलं, कारण विचारण्यापेक्षा हो ऐकण्याची त्याला जास्त घाई होती.

"आज आलं कोण? ज्याला तू जेवू घातलं नाहीस ते गाढव," इझ्झा म्हणाली.

"सुकैनाबाई आणि मआलमही आले होते."

"मआलमच्या घरी तर तूच जाऊन झोपतोस."

हिला ठाऊक आहे, हे बास्सूला आजच कळत होतं.

पुढच्या शुक्रवारी मशिदीबाहेर त्याने सगळ्यांना सांगितलं की नमाजानंतर जमाअ, म्हणजे गावाची बैठक, माझ्या घरी. डोंगरावरच्या वस्त्यांनाही निरोप गेला, कारण मुली त्यांच्याच यायच्या होत्या. लोक खुशीत आले. शुक्रवार म्हणजे कुसकुस, वाफवलेल्या रव्याची मेजवानी, आणि इझ्झाचा कुसकुस चांगला असतो. चाळीसेक माणसं, त्यांत सुकैनाही, बैठकीच्या खोलीत दाटीने बसली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागली. दार बंद होतं. इझ्झा सकाळीच माहेरी निघून गेली होती. "पाहुण्यांना कोरडं बसवणाऱ्या घरात मी दिसले तर मेल्यावरही लोक बोलतील," असं सांगून.

बास्सू उभा राहिला. त्याचे कान तापले होते.

"आज जेवण नाही," तो म्हणाला. "चहाही नाही. पाणी मागाल तर तेवढं देईन."

सगळ्या माना दाराकडून त्याच्याकडे वळल्या.

"वेडा झालास का रे?" मुलूदने विचारलं.

"सात वेळा जेवू घातलं आणि सात वेळा खोटं बोलायला लावलं तुम्हाला. चूक माझी. आज माझ्या घरचा कणही तुमच्या पोटात नाही. आता बोला."

मागून कुणीतरी खाकरलं आणि बांध फुटला. आमच्या मुलींना माती आणि शहरातल्यांच्या मुलींना सिमेंट का? गरीब म्हणून? पाऊस जोराचा झाला तर? विंचू निघाले तर? एकाने तर बास्सूचा तक्ता मागवून घेतला आणि आपल्या नावापुढचा ठिपका नखाने खरवडून काढला. बास्सू मान हलवत ऐकत होता आणि भीतीचा रकाना भरत होता. रकाना लवकरच अपुरा पडला.

यिद्दर शेवटी उठला. तो तीन तास चालून आला होता. "भूकंपाची चित्रं मी टीव्हीवर पाहिलीत," तो म्हणाला. "मातीखालून माणसं काढत होते. माझी मुलगी मी त्या मातीत झोपवू? आणि सांगणारा कोण, तर खांबांवर सिंह बसवून सिमेंटात राहणारा तिचा मामा!"

तोवर दोन वाजले होते. चाळीस माणसं, बंद खिडक्या, वर तापलेला स्लॅब. लोकांचे कपडे अंगाला चिकटले होते. एका म्हाताऱ्याला घेरी आली आणि त्याला भिंतीला टेकवायला गेले, तर भिंतीनेच चटका दिला.

"अरे, आधी या भट्टीतून बाहेर काढा," मुलूद ओरडला. "भांडायचं तर जिवंत राहून भांडू!"

पुढे गावात असं पसरलं की दुपारची वेळ बास्सूने मुद्दाम निवडली होती, फार पोचलेला माणूस आहे. खरं असं होतं की त्याने वेळेचा विचारच केला नव्हता. अकरा वर्षांत जूनच्या दुपारी तो स्वतःच त्या खोलीत कधी बसला नव्हता.

सगळी जमाअ भांडत भांडतच गल्ली ओलांडून सगळ्यात जवळच्या गार घरात शिरली. ते घर हद्दूचं. आत गेल्यावर आवाज आपोआप खाली आले. जाड भिंतींच्या आत अंधुक उजेड होता, आणि अंगावरचा घाम गार लागू लागला. हद्दूची बायको सवयीने चहाचं आधण ठेवायला उठली.

"चहा नको!" बास्सू किंचाळला. "कुणी चहा देऊ नका!"

मग पहिल्यांदा हसू पिकलं. मुलूदही हसला, आणि हसता हसता थांबून त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे भिंतीलगत एक चटई होती, चटईवर दबलेली उशी, आणि वर भिंतीवर बरोबर एका डोक्याएवढा तेलकट डाग.

"बास्सू, शुक्रवार आहे, खरं सांग. तो डाग कुणाच्या डोक्याचा?"

बास्सूने हद्दूकडे पाहिलं. हद्दू छताकडे बघत होता.

"माझ्या," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी दुपारचा इथे झोपतो. कामाचं बोलायला येतो म्हणतो आणि झोपतो. बापाचं असंच घर होतं, ते मी या हातांनी पाडलं, आणि मआलमने त्याबद्दल मला एकदाही एक शब्द ऐकवला नाही. उशी दिली." त्याला लाज वाटत होती, आणि लाजेबरोबर बरंही वाटत होतं. "मला लोकांसमोर मोठं दिसायचं होतं. आता त्या घरात कुणी मोठं दिसत नाही, भाजलेलं दिसतं."

सुकैनाने तेवढ्यात कागद काढला आणि यिद्दरजवळ जाऊन बसली. भिंतीत दर तीन वितींवर लाकडाचे पट्टे कसे घालायचे, कोपऱ्यात ते एकमेकांत कसे अडकवायचे, जमीन हलली तर ते भिंतीला कसे धरून ठेवतील, हे ती त्याला दाखवू लागली. "मी आधी या पट्ट्यांना नाही म्हणालो होतो," हद्दू म्हणाला. "मग माझ्या आज्याच्या भिंतीत बघितलं. तिथे बोरू घातलेले होते. म्हातारा मला सांगायला विसरला असावा."

यिद्दरने कागद खूप वेळ पाहिला. "चित्र चांगलं आहे," तो म्हणाला. "पण चित्राखाली माझी मुलगी झोपणार नाही, भिंतीखाली झोपणार आहे. आधी हा झोपू दे." त्याने बास्सूकडे मान वळवली. "शाळा उघडण्याआधी वीस दिवस हा तिथे राहील. बायकोसकट. पडायची असेल तर आधी याच्यावर पडेल."

"योग्य आहे," मुलूद म्हणाला. इतक्या लवकर आमच्या जमाअचं कधीच कशावर एकमत झालेलं नाही.

बास्सूने तक्ता मागवला. तळाशी त्याने एक नवं नाव लिहिलं, जे इतके दिवस यादीत नव्हतंच: स्वतःचं. त्यापुढे त्याने लाल ठिपका काढला.

सोमवारी छप्पन्न घरांतून एकसष्ट माणसं आली. साच्याच्या फळ्या लागल्या, टोपल्या हातोहात वर चढल्या, धुम्मसांचा ठेका सकाळी सुरू झाला की दुपारच्या नमाजापर्यंत थांबत नसे. हद्दू साच्याच्या काठावर उभा राहून तोंडाचा पट्टा चालवी आणि बास्सू खाली माती भिजवी. त्याला वर चढायची परवानगी नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने ठोकलेल्या कोपऱ्याकडे बघून हद्दू म्हणाला होता, "हा कोपरा कासाब्लांकाचा आहे," आणि पायाने पाडला होता. जुलै संपायला चार दिवस असताना शेवटची भिंत पूर्ण झाली. ऑगस्टच्या मध्यावर खजुरीच्या खोडांचं छप्पर चढलं, आणि बास्सू व इझ्झा दोन गाद्या, एक शेगडी आणि चहाची किटली घेऊन रिकाम्या वसतिगृहात राहायला गेले.

रोज सकाळी कुणी ना कुणी डोकावून जाई.

"आहेस का रे?"

"आहे."

"भिंत?"

"तीही आहे."

पण खरी गोष्ट बास्सू कुणाला सांगत नसे. इतकी चांगली झोप त्याला लहानपणानंतर लागली नव्हती. ओल्या मातीचा तो वास त्याच्या बापाच्या घराचा होता. इझ्झाने तर तिसऱ्याच दिवशी पडदे लावले आणि खिडकीत सब्जाच्या रोपांची दोन डबडी ठेवली. पंधराव्या दिवशी ती म्हणाली, "बास्सू, मी त्या भट्टीत परत येणार नाही. तू जा. सिंहांना सोबत होईल."

विसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास डोंगराच्या वाटेने यिद्दर उतरला. पुढे खेचर, खेचरावर गुंडाळलेली गादी आणि एक पत्र्याची पेटी, मागून तूदा. यिद्दरने सगळ्या खोल्यांतून चक्कर मारली, प्रत्येक कोपऱ्यावर मूठ आपटून पाहिली आणि पेटी उतरवली. "फादमाने सांगितलंय," तो बास्सूला म्हणाला, "पत्र ती तूदालाच लिहिणार. मधे कुणी सल्ला द्यायचा नाही."

बास्सूने मान खाली घातली. हे त्याला हवंच होतं, आणि ते मनाला लागलंही.

तूदा खोल्या बघून आली. तिने खिडकीतली जागा पसंत केली, नेमकी बास्सूची. मग कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"मामा, हे मुलींचं घर आहे ना?"

"हो, बाळा."

"मग पुरुष इथे काय करतात?"

इझ्झाला सुकैनाने दोनच दिवसांपूर्वी वसतिगृहाची देखरेख आणि स्वयंपाक सांभाळायला ठेवलं होतं. ती पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसत होती. बास्सूने आपली गादी गुंडाळली आणि डोक्यावर घेतली. तूदाने त्याला उंबऱ्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी नीट बसली का, हे तिने दोनदा ओढून पाहिल्याचा आवाज आला.

तो बंद दाराकडे बघत उन्हात उभा राहिला. डोळे भरून आले होते आणि डोक्यावरच्या गादीमुळे ते पुसताही येत नव्हते. समोर त्याचं पिस्त्याच्या रंगाचं घर चमकत होतं. तो त्या दिशेने चार पावलं गेला, थांबला आणि हद्दूच्या गल्लीत वळला. हद्दू दारात बसून साच्याच्या फळ्यांना तेल लावत होता.

"मआलम," बास्सू म्हणाला, "या फळ्या आता मोकळ्या आहेत का?"

हद्दूने वर पाहिलं. मग गादीकडे पाहिलं.

"कशाला?"

"सिमेंट पाडून बापाच्या जागेवर एक घर घालायचंय. पुन्हा."

हद्दूने तेलाचा बोळा खाली ठेवला आणि उठून कमरेचा पट्टा आवळला.

"लोकांना आधी विचारणार आहेस," त्याने विचारलं, "की आधी जेवू घालणार?"